तात्यांची सही

आमचे विलासतात्या माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी हात. पहिल्या दिवशी मी सांगलीच्या केंद्रात गेले, तर नमस्कार राहिला बाजूला. म्हणाले, "नेलपेंट काढ. बांगड्या काढ. आन् ही फुलाफुलाची वढणी कशापायी? बगणाऱ्यानं हात बगायचं का बाग?"

मी सांकेतिक भाषेची शिकाऊ दुभाषी. तात्यांच्या देखरेखीखाली ठरलेले तास भरायचे, त्यांची सही मिळवायची, मग परवाना. आणि सही म्हटलं की हा माणूस असा आखडायचा, जणू बागायती रान नावावर करून मागितलंय!

त्यात तो चमचा. मी चुकले की मागं बसून चहाच्या ग्लासावर टण! कर्णबधिर माणसाला त्याचा काही त्रास नाही. दचकून मरायची मी एकटी. "लय गोड बोलतीस. तुला बोलायला न्हाई, पोचवायला ठेवलंय," हे त्यांचं पालुपद.

परवा कुपवाडला एका वर्कशॉपात गेलो. लेथवर अशोक नावाचा कर्णबधिर कामगार. मालक मला म्हणाला, "ह्याचा माल सारखा रिजेक्ट होतोय. उद्यापासनं येऊ नको म्हणावं."

अशोक माझ्या हातांकडं बघत होता. माझा काही धीर होईना. मी खुणेनं सांगितलं, "जरा लक्ष देऊन काम करा." अशोकनं हसून मालकाला नमस्कार केला. मालक चक्रावला. मागं मालकानं दिलेल्या चहाच्या ग्लासावर टण!

तात्या उठले आणि त्यांनी मालकाचा शब्द न शब्द अशोकला सांगितला. अशोकचा चेहरा उतरला, मग तापला. मालकाचा हात धरून त्यानं त्याला लेथपाशी नेलं आणि माल पकडणारा, ढिला झालेला चक हलवून दाखवला. मालकानं स्वतः हलवून बघितला, डोकं खाजवलं. "आयला! मशिनच बाद हाय की. ऱ्हाऊ दे त्याला."

बाहेर टपरीवर तात्या म्हणाले, "सही इतक्यात न्हाई."

मला रडूच आलं. "आवं तात्या, दया आली मला त्याची!"

"मला बी आलती. नऊ वर्साचा व्हतो. आईला ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणलं, म्हयनाबी काढायची न्हाई. मी आईला सांगितलं, बरी हुशील म्हणत्यात. तिला आटपाडीला भावाला भेटायचं व्हतं. म्हणली, मग काय घाई, दिवाळीला जाऊ." तात्यांनी चहाचा घोट घेतला. "दिवाळी बी घावली न्हाई तिला, आन् भाऊ बी न्हाई."

मी हातांनीच म्हटलं, "चुकले."

तात्यांनी कप खाली ठेवला. हात वर आले.

"मी पण."