सूनबाईचं ऑर्किड

सूनबाईनं आपली कुंडी सांभाळायला दिली, म्हणून अभिमन आबांची छाती फुगली होती. लग्नाला वर्ष झालं, तरी भाविकाचं सासऱ्याशी बोलणं ‘जेवलात का?’च्या पुढं सरकलं नव्हतं. आणि आता दिल्लीच्या ट्रेनिंगला जाताना, नवऱ्यालाही हात लावू न दिलेलं हिमाचलातलं ऑर्किड तिनं आबांच्या ओट्यावर आणून ठेवलं.

“आबा, तुम्ही शेतकरी माणूस. तुम्हाला काय सांगायचं?”

इथंच चुकलं. सांगायला हवं होतं.

नोव्हेंबर सरताना एक पान पिवळं पडलं. आबांनी पाणी वाढवलं. दुसरं पडल्यावर युरिया दिला, तिसऱ्याला कपाशीवरची फवारणी. चाळीस वर्षं कपाशी केलेला माणूस हातावर हात धरून कसा बसेल? आठवड्यात पानं झडून कुंडीत नुसत्या कांद्यासारख्या दोन गाठी उरल्या.

“मरी गयं,” आबांच्या बायकोनं, भिकुबाईंनी निकाल दिला. “आते सूनले काय सांगशात?”

सुनेचं झाड उकिरड्यावर टाकायला आबांचा जीव होईना. हळदकुंकू वाहून त्यांनी गाठी बोरी नदीच्या उरल्यासुरल्या पाण्यात सोडल्या. मग पारोळ्याच्या नर्सरीतून तशाच पानांचं सुपारीचं रोप आणून कुंडीत लावलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. आबांनी ऐटीत हिरवीगार कुंडी दाखवली. भाविकाचा चेहरा उतरला.

“आबा, डिसेंबरातही पानं? ती गळायला हवी होती!”

“म्हनजे गळनं चांगलं शे?”

“थंडीत ते झोपतं. झोपलं नाही, तर उन्हाळ्यात मरेल.”

आबांचं डोकं गरगरलं. मेलेलं जिवंत होतं आणि जिवंत दिसणारं मरणार होतं. त्यांनी कात्री घेतली, पानं छाटली आणि सकाळी स्वतःच कॉल लावला.

“देख पोरी, झोपी गयं!”

“एका रात्रीत? आबा, हे कापलंय.”

आबांचं अवसान गळालं. युरिया, फवारणी, विसर्जन, सुपारी, सगळं त्यांनी सांगून टाकलं. आता ही जन्मात आपल्याशी बोलणार नाही, याची त्यांना खात्री पटली.

पलीकडं भाविका खो खो हसत सुटली.

“हळदकुंकूसुद्धा?”

जानेवारीत ती नव्या गाठी घेऊन आली. “आबा, हेही तुमच्याकडंच राहील. फक्त फेब्रुवारी संपेपर्यंत याला काहीच करायचं नाही.”

आबांनी चष्मा लावला, पेन्सिल शोधली आणि ते कॅलेंडरपुढं उभे राहिले.

“काहीच नही करनं,” त्यांनी लिहून घेतलं. “दिवसमा किती येळा?”