आठ रंगांतलं कुंकू

नवी पैठणी नेसून मी लग्नाला निघाले, तर दारातले दामू नाखवा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "वैनी, बारा रंगांत बसंल." ही त्यांची शाबासकी.

थळमधले हे आमचे शेजारी. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा होडी पुतण्याच्या हाती सोपवून ते कॉम्प्युटरपुढे बसले. आता किनाऱ्यावरच्या होमस्टेंच्या वेबसाइटसाठी हलती चित्रं करतात. डुलणारा माड, उकळणारं कालवण. रंग कमी केले की चित्र हलकं होतं आणि रडक्या नेटवरही उघडतं, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

माझ्या होमस्टेच्या फोटोत त्यांनी अंगणातली अबोली पार भिंतीत विरघळवून टाकली. ज्या रंगाला जागा थोडी, तो आधी जातो म्हणे. मी भांडायला गेले.

"भार जास्ती झाला का होडी बसते, वैनी," नाखवा शांतपणे म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला.

त्यांचा मुलगा सुरेश मालवाहू जहाजावर असतो. भर समुद्रात नेट जेमतेम, म्हणून नाखवा दर रविवारी त्याला आईचं हलतं चित्र पाठवतात. हिराबाय दारात उभी राहून हात हलवते, एवढंच. त्या आठवड्यात नेट फारच अडखळत होतं, म्हणून त्यांनी चित्र आठ रंगांवर आणलं होतं.

"बाबा, तू हाय ना?" फोनवरून आवाज आला.

"हाय की. का रं?"

पलीकडे तो बाप्या माणूस हुंदके देत होता. तीन दिवस फोन लागत नव्हता, आणि हातातल्या चित्रात आई मोकळ्या कपाळाने हात हलवत होती. ज्वारीच्या दाण्याएवढं कुंकू कपाळाच्या रंगात विरघळून गेलं होतं. नाखवांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

त्यांनी फोन हिराबायच्या हातात दिला आणि पडद्यावर ते चित्र मोठं करून तिच्या कपाळावर कुंकू शोधू लागले. मला भांडणाची लाज वाटली.

आता ते कुठल्याही चित्रात आधी लाल रंग राखून ठेवतात, माझ्या नारळांच्या फोटोतसुद्धा. आणि रविवारी मोबाइल माझ्या हातात देऊन, आजवर फोटोला कधी न उभे राहिलेले नाखवा शर्टाची बटणं लावून हिराबायशेजारी उभे राहतात.

"नाखवा, दोघं म्हणजे भार वाढणार," मी परवा म्हटलं.

"वाढू दे," ते म्हणाले, आणि त्यांनी हात वर केला.