पिराजीची नोंदणीकृत प्रगती

गणतीचे साहेब घरी येणार म्हणून पिराजीनं त्यांना बसायला खुर्ची मागून आणली. गुन्हा म्हणावा तर एवढाच.

पिराजी चिटगुप्प्याजवळच्या एका वाडीतला. जवळच्या गोदामात पोती उचलायचा. घर पत्र्याचं, एका खोलीचं. लेक विजयश्री बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. तिला बीदरला नर्सिंगला जायचं होतं. त्यासाठी सरकारी वसतिगृहात जागा हवी, जागेसाठी गरिबीचा दाखला हवा आणि दाखला मिळणार गणतीवरून. गरिबीची पिराजीला काळजी नव्हती. ती घरात भरपूर होती.

काळजी निराळीच होती. "साहेबाला काय भुईवर बसवायलाव व्हय?" बायको सोजराबाई म्हणाली. "लोक काय म्हणतेल?"

पाहुणा आला की शेजाऱ्याचं सामान आपलं, ही आमच्याकडची रीत. पिराजी अडतदार शरणप्पाकडं गेला. शरणप्पा सगळी माणसं समान मानणारा. पिराजीला तो ओट्यापर्यंत येऊ द्यायचा. "घिऊन जा की रे," तो म्हणाला. "खुर्च्या ने, टेबल ने, पंखा ने. वाडीची अब्रू हाय." त्याच्या बायकोनं, नेत्रावतीअक्कानं, नाव घातलेले स्टीलचे सहा पेले दिले.

गणतीदार नागेंद्र आला, पंख्याखाली बसला, पाणी प्याला आणि लिहू लागला. "खुर्च्या चार. टेबल एक. पंखा एक."

"साहेब, हे आमचं न्हाई," पिराजी म्हणाला.

"'कुणाचं आहे' असा रकाना नाही. 'घरात आहे का' असा आहे. आहे ना?"

"हाय, पर..."

"झालं तर."

"पेल्यावर नाव तर बघा. नेत्रावती म्हणून हाय."

नागेंद्रनं पेला फिरवून पाहिला. "म्हणजे भेट आलेली. ज्या घरात भेटी येतात ते गरीब कसं?"

तिथून तो शरणप्पाकडं गेला. माडी दुमजली होती, पण यंदाच्या अर्जात मजल्यांचा रकाना नव्हता. बसायला सतरंजी टाकली. वारा नेत्रावतीअक्कानं पुठ्ठ्यानं घातला. नागेंद्रला वाईट वाटलं. त्यानं तसं लिहिलं.

आठवड्यानं यादी लागली. शरणप्पा गरीब, पिराजी मध्यमवर्ग.

पिराजीनं तालुक्याला अर्ज केला. साहेब लोक न्यायी होते. त्यांनी साऱ्या वाडीची फेरतपासणी लावली. यादीचं गुपित तोवर वाडीला कळलं होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी माणिकराव पाटील फ्रीज घेऊन पिराजीच्या दारात उभा राहिला.

"पाटील, हे कामून आणलाव?"

"चार दिस ठिव. तुजं नाव वर गेलंच हाय. एका फ्रीजनं काय फरक पडायलाय?"

पिराजी काकुळतीला आला. "लेकीची जागा जाईल हो."

"लेकीचं बघू की," मागून शरणप्पा म्हणाला. त्याच्या पाठीमागं हातगाडीवर कपाट आणि टीव्ही होता. "खुर्ची मागाय आलतास तवा मी न्हाई म्हणलो का?"

पिराजीनं कपाट उतरवून घेतलं. दुपारपर्यंत घरात तीन फ्रीज, दोन कपडे धुवायची मशीन, पाच टीव्ही आणि एक दिवाण आला, अंगणात ट्रॅक्टर. जागा उरली नाही म्हणून पिराजीचं कुटुंब लिंबाखाली राहायला गेलं. दुसऱ्या दिवशी नागेंद्रला उंबरा ओलांडता येईना. त्यानं बाहेरूनच शेरा मारला : 'घरात पाय ठेवायला जागा नाही इतकी समृद्धी. कुटुंब हवेशीर ठिकाणी राहते.'

फेरतपासणीत सगळी वाडी गरीब निघाली, पिराजी सोडून. वसतिगृहातली जागा शरणप्पाच्या मुलीला, सुधारानीला मिळाली. नियमानंच मिळाली, तिच्या घरी साधा फ्रीजही नव्हता. ती खोलीला कुलूप लावून बीदरच्या मावशीकडं राहते.

कुठलीही मदत न घेता पंधरा दिवसांत एवढी मजल मारणारं कुटुंब जिल्ह्यात दुसरं नव्हतं. पिराजीचा सत्कार ठरला. शाल आली, हार आला. पाहुण्यांनी विचारलं, "पिराजी, तुमच्या प्रगतीचं रहस्य काय?"

"साहेब, मी हाय तिथंच हाव. ह्या लोकांचं सामान तेवढं माज्या घरी आलंय."

सभा पोट धरून हसली. एवढा मोठा होऊनही माणूस किती विनोदी राहिला, असं पाहुणे म्हणाले. शरणप्पानं सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

मग सामान ज्याच्या त्याच्या घरी परत गेलं. वाहून पिराजीनंच दिलं. धंदाच तो होता. मोकळ्या घराचा फोटो घेऊन तो पुन्हा तालुक्याला गेला. कारकून भला होता. त्यानं सगळी कपाटं धुंडाळली. "वर जायचा अर्ज आहे," तो म्हणाला, "खाली यायचा छापलेलाच नाही. आजवर कुणी मागितला नाही."

विजयश्री बीदरला गेलीच. तीन घरची धुणीभांडी, केर-फरशी.

पिराजीची बातमी पेपरात फोटोसकट आली होती. तुम्ही ती सकाळच्या चहाबरोबर वाचलीत. तुम्हाला आवडली. फरशी पुसणाऱ्या पोरीला तुम्ही मोठ्यानं वाचूनही दाखवलीत. "बघ, तुमच्याच भागातला माणूस आहे. कष्ट केले की कुणालाही पुढं जाता येतं. शिक काहीतरी याच्याकडून."

पोरीनं फोटोकडं पाहिलं. फडकं बादलीत पिळलं.

"व्हय," ती म्हणाली. "पाय घ्या जरा. खुर्चीखालचं राहिलंय."