पूजेत बसलेली बरणी

सेंथूरपांडियन बरणीचं झाकण उघडायला गेला आणि इसक्कियम्माळने त्याच्या हातावर चापट मारली.

"आज नाही, सार. पूजेत बसलीय ती."

तुत्तुकुडीच्या त्या प्रयोगशाळेची झाडलोट आणि देवधर्म ही दोन्ही खाती इसक्कियम्माळकडे होती. आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा दिवस. काचेच्या बरणीला गंध-कुंकू, झेंडूची माळ, वरून रेशमी कापड. आत समुद्रातलं बारीक हिरवं शेवाळ. हवा तोडून उपाशी ठेवलं की ते हायड्रोजन सोडतं, असं सेंथूरपांडियनने चेन्नईला कळवलं होतं. शेवाळाला मात्र कुणी कळवलं नसावं. महिने गेले, वायूचा पत्ता नाही. उद्या प्रकल्प तपासायला चेन्नईच्या बाई येणार. वायू दिसला नाही तर प्रकल्प बंद.

"अक्का, एकदाच बघतो. जिवंत आहे का, तेवढंच."

"रोज ऊठसूट बघताच की! आज हत्यारांना सुट्टी. तुम्हालापण." तिने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

तो तडक घरी आला. "वडिवू, फोन कुठाय? साहेबांना सांगतो."

"सरस्वतीपुढे, पूजेत," बायको म्हणाली.

"मग स्कूटरने जातो."

"तिला माळ घातलीय. उद्या चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय हलायची नाही. प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल खा आणि गप बसा."

गप बसणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. तो उन्हातून पायीच साहेबांकडे गेला.

"बस," साहेब सतरंजीवरून म्हणाले. "खाली बस. माझी खुर्ची पूजेत आहे."

रात्रभर तो कूस बदलत राहिला.

सकाळी साहेब चेन्नईच्या बाईंना घेऊन आले तेव्हा इसक्कियम्माळ बरणीपुढे कापूर ओवाळत होती. दुसऱ्या हाताने तिने माळ उचलली, तशी झाकणातून निघालेल्या रबरी नळीचा चिमटा निसटला.

फट्ट!

माळ करपली. साहेब टेबलाखाली गेले.

"हायड्रोजन!" बाई ओरडल्या. "कधीपासून बंद होती ही?"

"कालपासून," इसक्कियम्माळ चाचरत म्हणाली. "सार रोज उघडून बघायचे. काल मी हात लावू दिला नाही. चुकलं का, अम्मा?"

"रोज उघडायचे?" बाईंनी सेंथूरपांडियनकडे पाहिलं. "म्हणजे रोज हवा आत!"



प्रकल्पाची मुदत वाढली, एकाच अटीवर. आता बरणी बारा महिने पूजेत असते आणि किल्ली इसक्कियम्माळच्या कमरेला. सेंथूरपांडियन दाराबाहेर येरझारा घालतो.

"अक्का, आत काय चाललंय?"

"प्रसाद झाला की हाक मारीन, सार. लांब उभे राहा."