उस्मानचाचांचा समुद्र

कराचीहून पत्र आलं की दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुडिओतल्या पडद्यावर काहीतरी नवं उगवायचं. एकदा बोट उगवली. एकदा सात बगळे. आणि एकदा, ऐन लग्नसराईत, उंट!

जळगावात स्टेशनाच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकाच्या पाठीमागचा पडदा रंगवायचं काम उस्मानचाचांकडे. मी सांगितला होता बगीचा. दोन खांब, एक कारंजं, गुलाबाच्या कुंड्या. सगळीकडे असतो तसा. चाचा म्हणाले, "हो जाएगा, भाऊ." आणि रंगवला समुद्र! आता या माणसाने जन्मात तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही. मी भडकलो, तर मलाच विचारतात, "बगीचा तर सगळ्यांकडे आहे, भाऊ. समुद्र कुणाकडे आहे, सांगा!"

लोकांना तो आवडला, मग मी काय बोलणार? रावेर-यावलचे केळीवाले सहकुटुंब समुद्राला पाठ करून बसायला लागले.

चाचांना जुबेदा ही एकच मुलगी. फाळणीच्या वर्षी तिचा नवरा तिला घेऊन रेल्वेने कराचीला गेला. चाचा इथेच राहिले. "पोरीची आई इथल्या मातीत झोपली आहे, तिला टाकून कुठं जाऊ?" म्हणायचे. पण पोरीला एकदा डोळे भरून बघायचं, एवढा एकच ध्यास. परवान्यासाठी कचेरीत खेटे घालून जोडे झिजले. दर खेपेला एखादा कागद कमीच पडायचा. मग ते पत्रातून दरवेळी तेच विचारायचे, "बेटी, तुझ्या खिडकीतून काय दिसतं?" आणि ती लिहायची. उत्तराचं पत्र डाव्या हातात धरून चाचा उजव्या हाताने पडदा रंगवत बसायचे.

तिने लिहिलं, किनाऱ्यावर उंट फिरतात. झालं! शिंदखेड्याचा एक नवरदेव फोटो हातात घेऊन माझ्या अंगावर आला. "भाऊ, मना डोकावर उंट कसाले उभा शे?" मी चाचांना झापझाप झापलं. चाचा थंड.

"उसने लिखा है," म्हणाले.

यापुढे अपील नाही. तिने भरतीचं लिहिलं की पाणी वर चढायचं. एकदा तर इतकं चढवलं की खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याला लागलं. एका आजीबाईंनी फोटो परत केला. म्हणे, मी बुडाल्यासारखी दिसते. मी हात जोडले, "चाचा, ओहोटीचं पत्र कधी येणार हो?"

काम नसलं की ते पडद्यासमोर स्टुलावर बसून राहायचे. गिऱ्हाईक आलं की मी त्यांना उठवायचो, आणि उठवताना दरवेळी मलाच चोरट्यासारखं व्हायचं. म्हातारा त्या पाण्यापलीकडे काय शोधतोय हे मला काय कळत नव्हतं?

नवव्या वर्षी चाचांना नाही, पण जुबेदाला परवाना मिळाला. बोटीने मुंबई, तिथून गाडीने जळगाव. आठ दिवसांसाठी. चाचांनी सगळे ब्रश धुऊन ठेवले. "आता ती येऊन चुका काढेल," असं हजारदा म्हणाले. परीक्षेला बसलेल्या पोरासारखी त्यांची गत झाली होती.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते तिला स्टुडिओत घेऊन आले आणि रंग कालवायला मागच्या खोलीत गेले. जुबेदा पडद्यासमोर उभी राहिली.

"काय, हुबेहूब आहे ना?" मी विचारलं.

तिने मागच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, अब्बांना सांगू नका. आमच्या खिडकीसमोर भिंत आहे. दोन हातांवर. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो आत्ता, बोटीत चढताना."

"अगं, मग त्या बोटी? ते बगळे?"

"अब्बा दर पत्रात विचारायचे. दरवेळी भिंत कशी लिहू?" ती रडता रडता हसली. "उंट तेवढा खरा आहे. गल्लीत गाडीला जुंपलेला असतो."

मी पडद्यावरच्या उंटाकडे पाहिलं.

तेवढ्यात चाचा रंगाची वाटी घेऊन आले. "हां बेटी, सांग आता. काय काय चुकलंय?"

तिने डोळे पुसले. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"सगळं बरोबर आहे, अब्बा. फक्त आमचं घर राहिलंय."

"तू कधी लिहिलंच नाहीस!" चाचा कळवळून म्हणाले. "कुठं आहे?"

तिने वाळूवर बोट ठेवलं. चाचांनी भिंती उभ्या केल्या, छप्पर घातलं, दार काढलं. मग ब्रश थांबला.

"और खिडकी? कुठल्या बाजूला काढू?"

जुबेदाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून कॅमेऱ्याची काच पुसायला लागलो.

"समुद्राच्या बाजूला, अब्बा," ती म्हणाली. "मोठी काढा."