कारखानीसांच्या झोपलेल्या बाटल्या

भूकंपाचा धक्का बसला की तोक्योतल्या निशी-कसाई भागातले लोक टेबलाखाली शिरतात. आमचे सुधाकर कारखानीस मात्र बाटल्यांच्या मांडणीला मिठी मारायचे. एकदा धक्का जरा जोराचा होता, म्हणून समोरच्या इमारतीतून मी धापा टाकत त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. गृहस्थ लुंगी आणि लोकरी स्वेटर अशा वेषात, दोन्ही हात पसरून, गाल बाटल्यांना टेकवून उभे. मी ओरडलो, "कारखानीस, आधी जीव सांभाळा!"

"हळू बोला जोगळेकर," ते म्हणाले. "झोपल्यात त्या."

त्या म्हणजे बेचाळीस बाटल्या. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठच्या द्राक्षांच्या जाती कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारांवर लावून काही हट्टी माणसं त्यांची लाल वाइन करतात. करतात तीही दोन-तीन पिंपं. ती दुकानात मिळत नाही. त्यांच्या यादीत आपलं नाव लागावं लागतं, आणि यादीत शिरण्यासाठीही एक वेगळी यादी असते. अशा एका यादीच्या यादीत कारखानीस सहा वर्षं उभे होते. नाव लागलं त्या दिवशी त्यांनी आख्ख्या मजल्यावर बर्फी वाटली. जपानी शेजाऱ्यांना वाटलं, नातवंड झालं. त्यांनी बाळासाठी मऊ टॉवेल आणून दिले. कारखानीसांनी वाकून नमस्कार केला आणि ते बाटल्यांना गुंडाळले.

एका व्यापारी कंपनीच्या ओसाका ऑफिसात आयुष्य घालवून हे गृहस्थ निवृत्तीनंतर आमच्या वसाहतीत आले. दोन खोल्यांचं घर. त्यातली बरी खोली बाटल्यांना. तिथे एसी बाराही महिने सोळा अंशांवर. स्वतः बाहेर सोफ्यावर झोपायचे. वहिनी दोन उन्हाळे थांबल्या आणि पुण्याला लेकीकडे गेल्या त्या गेल्याच. विचारलं की कारखानीस सांगायचे, "तिला इथली थंडी सोसत नाही." थंडी म्हणजे ऑगस्टमधली.

बरं, एवढं करून पीत होते का? छे! "पितात काय? थांबतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी बाटलीकडे बोट दाखवलं की, "ती अजून दहा वर्षं बोलायची नाही." दुसऱ्या बाटलीकडे दाखवलं की, "ती रागावलीये. प्रवासात फार हलवली तिला." बायकोबद्दल हा माणूस इतकं कधी बोलला नाही.

स्वतः काही पीत नसले, तरी नाक सतत कामात. आमच्याकडे जेवायला आले की आमटीची वाटी गोल गोल फिरवायची, डोळे मिटून हुंगायची आणि निकाल द्यायचा, "सुरुवात छान आहे, शेवटही आहे. मध्य हरवलाय." माझ्या बायकोने, मालतीने, एकदा सुनावलं, "भावजी, आमटी खायला केलीये. हुंगायला उदबत्ती लावते." तरी फरक नाही. उदबत्तीलासुद्धा ते "जरा कोवळी आहे" म्हणाले असते.

मी हे सगळे किस्से वसाहतीत रंगवून सांगायचो. बँकेत चाळीस वर्षं गंभीर तोंड करून बसलेल्या माणसाला उतारवयात हशा मिळू लागला की त्याची चटक लागते. कारखानीसांवर माझी बरीच लोकप्रियता उभी होती. पुढचं सांगण्याआधी हे कबूल केलेलं बरं.

एका ऑगस्टमध्ये त्यांचे थोरले भाऊ गेले आणि ते तीन आठवड्यांसाठी भारतात निघाले. किल्ली माझ्याकडे दिली. सूचना दोनच. कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी आणि एसीला हात लावायचा नाही. निघताना दारात म्हणाले, "जोगळेकर, माझ्या मुली तुमच्या ओटीत घालतोय." मी हसू दाबलं.

दुसऱ्या दिवशी आम्हालाही ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाच्या, सुट्टीत ओसाकाला लेकीकडे जायचं होतं. सकाळी त्यांच्याकडे गेलो, कुंडीत पाण्याची बाटली उलटी खोचली आणि घर बंद करू लागलो. आता, आमच्या घरातली रीत अशी, की गावाला निघताना आधी गॅस, मग नळ, मग मेन स्विच. वडील करायचे, मीही जन्मभर केलं. मालती खालून हाका मारत होती, स्टेशन गाठायचं होतं. गॅस बघितला, नळ बघितला, दाराच्या वरचा मेन स्विच खाली पाडला आणि कुलूप लावलं. हाताने केलं. डोक्याला पत्ता नाही.

दहा दिवसांनी परतलो आणि दार उघडलं. तोक्योचा ऑगस्ट त्या बंद खोलीत कोंडला होता. काही बुचं बोटभर वर आली होती. टॉवेलांवर लाल ओघळ होते. मी मेन स्विच वर केला, एसी सोळावर लावला, बुचं अंगठ्याने खाली दाबली, ओघळ पुसले आणि टॉवेल धुऊन पुन्हा गुंडाळले. कारखानीस आल्यावर किल्ली दिली आणि म्हणालो, "सगळं ठीक आहे."

दोन महिन्यांनी त्यांची पंचाहत्तरी होती. पंधरा वर्षं झोपलेली एक बाटली त्या दिवशी उठवायची, हे त्यांनी फार आधी ठरवलं होतं. रविवारी दुपारी आम्ही आठ-दहा जण जमलो. कारखानीसांनी कोट घातला होता. त्यांनी बूच काढलं. म्हणाले, "काळी मिरी येईल. मग ऑलिव्ह. आणि मागून हळूच धूर." त्यांनी पेला फिरवला, हुंगला, एक घोट घेतला आणि तोंडात तसाच धरून बसले.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. आता ते माझ्याकडे बघतील, या भीतीने मी ते केलं जे मला येत होतं. एक घोट घेतला आणि मोठ्याने म्हणालो, "अहो कारखानीस, पंधरा वर्षं हे जपलंत? मालती बाळंतिणीला मनुका उकळून देते ना, तेच हे पाणी!"

हशा असा उसळला की बस. कुणीतरी म्हणालं, "मनुका साहेब, हॅपी बर्थडे!"

कारखानीसांनी घोट गिळला. "असेल," ते म्हणाले. "माझी जीभ म्हातारी झाली."

पुढच्या खेपेला रिकाम्या बाटल्या न्यायला पालिकेची गाडी यायच्या दिवशी त्यांनी सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, विसळल्या आणि खाली क्रेटमध्ये ओळीने मांडल्या. वसाहत समितीच्या बाईंनी त्या मोजल्या असाव्यात. संध्याकाळी त्यांच्या टपालपेटीत दारू सोडवणाऱ्या केंद्राचं माहितीपत्रक होतं. तेही मी सगळ्यांना सांगितलं. त्याला तर सर्वांत मोठा हशा मिळाला.

कॅलिफोर्नियाच्या यादीतून त्यांनी आपणहून नाव काढून घेतलं. मी दर रविवारी चहाला जाऊ लागलो. लोक म्हणत, जोगळेकर मोठ्या मनाचे.

याला आता चार वर्षं झाली. यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात पुण्याहून नवीन आलेल्या एका इंजिनिअर मुलीने त्यांना हसत विचारलं, "काका, मनुका साहेब म्हणतात ते तुम्हीच ना?" कारखानीस पहिल्या भेटीच्या जपानी रीतीने कमरेत वाकून म्हणाले, "हाजिमेमाश्ते. मीच तो." सगळे हसले. मला पहिल्यांदाच हसता आलं नाही.

परत येताना बागेतल्या बाकावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. मेन स्विच, बुचं, टॉवेल, सगळं. ते शांतपणे मोसंबं सोलत होते.

"माहितेय," ते म्हणाले. "माझी सकाळची मालिका रेकॉर्डर रोज टिपून ठेवतो. परत येऊन लावली, तर मधले दहा दिवस कोरे. तुम्ही ओसाकाला गेलात आणि आलात, त्याच तारखा."

"मग बोलला का नाहीत? आणि ती बाटली उघडली कशाला?"

"वाटलं, एखादी वाचली असेल." त्यांनी अर्धं मोसंबं माझ्या हातावर ठेवलं. "आणि बोललो असतो, तर तुम्ही यायचे बंद झाला असतात. तुमच्याशिवाय माझ्याकडे येतं कोण?"

"पुन्हा नाव लावा ना यादीत."

"आता झोपवलेल्या उठवायला मी कुठे असणार?"

मी म्हणालो, मग निदान मी हे लिहितो. तुमची जीभ खरी होती, वाइन मी घालवली, हे वसाहतीला कळलं पाहिजे.

"लिहा की," कारखानीस म्हणाले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "पण ते मेन स्विचचं गाळा. वीज गेली होती म्हणा. इथले लोक एकदा हसायला लागले की वर्षानुवर्षं हसतात हो. तुम्हाला नाही झेपायचं ते."