नखाते सरांचा आठवणीचा धातू

वाकलेलं काहीही दिसलं की आमचे शेजारी नखाते सर खिशातून लोहचुंबक काढत. चमचा, छत्रीची काडी, माझ्या सायकलचं मडगार्ड, कुणाचीही सुटका नसे. "थांब, याले आपला आकार याद आहे का पाहू." मडगार्डला काही आठवलं नाही, वर रंग तेवढा खरवडला गेला.

सर विज्ञान शिकवून निवृत्त झाले. विद्यार्थी सुटले आणि आम्ही शेजारी सापडलो. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की निकेल, मँगनीज आणि गॅलियम मिळून परदेशात एक धातू झालाय. चुंबक फिरवला की तो क्षणात लांब होतो, दिशा बदलली की पुन्हा पहिल्यासारखा. तापवायला नको, ठोकायला नको. त्यातून म्हणे इवलेसे पंप आणि झडपा होणार. सरांना पंपांचं काय करायचंय? अर्धांगवायूनं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, उजव्या हाताची मूठ मिटली होती. ती उघडणारा हातमोजा त्यांना हवा होता.

"मँगनीज म्हणजे आपलंच की! बालाघाटच्या खाणीत काय कमी आहे?" जगात कुठलाही शोध लागो, आमच्या गावच्या माणसाला त्यात आपला दगड दिसतोच. सरांनी खाणीकडचा काळा दगड आणून काकूंच्या खलबत्त्यात कुटला आणि पूड लोकरी हातमोज्यात शिवली.

"अन् निकेल?" मी विचारलं.

"जुने चार आणे टाकले ना त्यात."

"गॅलियम?"

"ते वारासिवनीच्या बाजारात पाहाचं आहे."

पहिल्याच प्रयोगात, मोज्यावर बांधलेल्या चुंबकांमुळे तो काकूंसकट लोखंडी पलंगाला चिकटला. मूठ जशीच्या तशी. पण विज्ञान हार मानत नाही. रोज संध्याकाळी सर काकूंचं एकेक बोट तेल लावून हळूहळू सरळ करत, मोजा चढवत आणि तो हात हातात घेऊन बसत. "चुंबकाचं क्षेत्र लागून राह्यलं," असं मधूनमधून आम्हाला कळवत.

एकदा सर गॅलियम शोधायला वारासिवनीला गेले, तेव्हा मी शहाणपणा करायला काकूंकडे गेलो.

"काकू, दगड कुटून तो धातू होत नसतो. सरांना मी सांगू का?"

"मले का समजत नाही? पण यायले सांगू नको बापा." काकू अर्ध्याच ओठांनी हसल्या. "लग्न झाल्यापासून रस्त्यानं कधी माह्यासोबत चालले नाहीत. नेहमी पुढं. आता रोज हात धरून बसतात. मूठ उघडली तं सोडून देतील ना!"

तेवढ्यात सर आले. हात रिकामे, तोंड एवढंसं.

"वारासिवनीत नाही भेटलं रे."

मी म्हणालो, "हौ सर, मग लामत्याच्या बाजारात पाहा. नाही तं किरनापुरात. घाई काय आहे?"